ओट्याची चार बोटं

गवंड्याने कानावरची पेन्सिल काढली, ओट्यापासून वर चार बोटं मोजली आणि भिंतीवरच्या टाईलवर एक आडवी रेघ मारली. "बाईंच्या उंचीला ओटा इथं यायला पाहिजे," तो म्हणाला. एवढंच. पुढे जे काही घडलं त्यात त्या गवंड्याचा काडीचाही दोष नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण अशा गोष्टींत शेवटी कुणावर तरी ढकलायचं असतं, आणि गवंडी हा त्या कामी फार सोयीचा माणूस असतो.

ज्यांच्या घरात ही रेघ मारली गेली ते गृहस्थ वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजारात लोक त्यांना समोर 'साहेब' म्हणत आणि पाठ वळली की 'काटेकोर'. दुकानदाराच्या तराजूत तीळभर खोट असली तरी ती काटेकोरांना दारातूनच कळते, अशी त्यांची ख्याती होती. ती त्यांनी स्वतःच थोडीफार पसरवलेली होती, पण म्हणून काही खोटी नव्हती. अशा माणसाच्या घरातला ओटा लग्न झाल्यापासून चार बोटं कमी होता आणि ते त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. ओटा बांधला होता त्यांच्या आईच्या मापाने. आई अंगाने लहानखुरी, बायको चांगली उंच. आई गेली, ओटा राहिला. बायको इतकी वर्षं त्याच्यावर वाकून कांदे चिरत राहिली, आणि शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी तिच्या पाठीचा फोटो उजेडासमोर धरून विचारलं, "बाई, तुम्ही खाणीत कामाला आहात का?"

बायकोने शिवणकामातले पैसे महिन्याच्या महिन्याला बँकेत टाकून सत्तर हजार जमवले होते. ते कशासाठी, हे तिने कधी सांगितलं नव्हतं आणि काटेकोरांनी विचारलं नव्हतं. डॉक्टरांकडून घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "माझ्या पैशांतून ओटा उंच करून घेते." त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. दुसऱ्या दिवशी गवंडी आला.

सत्तर हजारांत ओटा आरामात होत होता. पण गवंड्याने हिशेब सांगता सांगता टाईल्सकडे पाहून जीभ टाळ्याला लावून 'च्च' असा आवाज केला. "ओटा नवा आणि भिंत जुनी, बरं दिसणार नाही साहेब. नव्या टाईल्सचे वीस-पंचवीस वर धरा."

"टाईल्स राहू द्या," बायको म्हणाली. "टाईल्स काही वाकायला लावत नाहीत मला."

इथे काटेकोरांनी गप्प बसायला हवं होतं. पण घरात पहिल्यांदाच मोठं काम निघत होतं, परका माणूस समोर उभा होता, आणि त्याच्यादेखत आपली ऐपत टाईल्सपाशी संपते हे त्यांच्या मानी स्वभावाला पटेना. ते म्हणाले, "अर्धवट काम आपल्याला चालत नाही. महिनाभर थांबा. टाईल्सचं मी बघतो." बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, मग रेघेकडे पाहिलं, आणि म्हणाली, "बरं. महिनाभर काय, इतकी वर्षं गेलीच आहेत."

आता वीस-पंचवीस हजार ही काही आभाळाएवढी रक्कम नव्हे. सोसायटीचं कर्ज काढता आलं असतं, दोन पगारांना कात्री लावता आली असती. पण काटेकोरांच्या कचेरीत मेणबत्ती होते. मेणबत्ती म्हणजे आस्थापनेचे हेडक्लार्क. दिवसभर मोबाईलवर लाल-हिरव्या कांड्या वरखाली होताना बघत बसायचे आणि त्या कांड्यांना मेणबत्त्या म्हणायचे, म्हणून हे नाव. 'उद्या हिरवी मेणबत्ती लागणार' असं ते ज्या गंभीरपणे सांगत, त्या गंभीरपणाने त्यांनी एकही फाईल कधी पाहिली नव्हती.

"साहेब, तुमच्याकडे वीस हजार आहेत?" मेणबत्तींनी विचारलं.

"आहेत."

"मग तुमच्याकडे एक लाख आहेत."

"ते कसे?"

"पाचपट. तुम्ही वीस ठेवा, दलाल कंपनी लाखाचा माल घेऊ देते. एक टक्का वर गेला की हजार सुटले. म्हणजे तुमच्या विसावर पाच टक्के. बँक वर्षभर घाम गाळून काय देते?"

"पण कंपनी देते कशी एवढे?"

"विश्वासावर," मेणबत्ती म्हणाले.

काटेकोरांना बरं वाटलं. आयुष्यभर बाजारात फिरून कुणी त्यांच्यावर असा विश्वास टाकला नव्हता. लोक त्यांना पाहिलं की वजनं पुसायला लागत. "आणि भाव पडला तर?" त्यांनी शेवटी विचारलं. मेणबत्तींनी माशी हाकलल्यासारखा हात हलवला. "पडला की चढतो."

खातं उघडायचं म्हटलं तर नियम आडवा आला. सरकारी नोकराने सट्टेवजा व्यवहार करू नयेत, असं परिपत्रक होतं. मेणबत्तींनीच ते काढून दाखवलं. "मग तुम्ही कसे करता?" काटेकोरांनी विचारलं. "माझं खातं सासूच्या नावावर आहे," मेणबत्ती म्हणाले. पण काटेकोर हे काटेकोर होते. त्यांनी रीतसर परवानगीचा अर्ज केला. अर्ज आस्थापनेच्या टेबलावर, म्हणजे मेणबत्तींच्याच टेबलावर गेला आणि शेरा घेऊन परत आला: 'कारण नमूद नाही.' काटेकोरांनी कारण लिहिलं: टाईल्स. पुन्हा परत आला: 'विहित तक्त्यात टाईल्स हे कारण नाही.' काटेकोर अर्ज घेऊन मेणबत्तींपुढे उभे राहिले. "अहो, तुम्हीच तर मला हे सुचवलंत!" मेणबत्ती चष्म्यावरून म्हणाले, "सुचवलं ते मित्र म्हणून साहेब. हा शेरा पदाचा आहे." तेव्हा खातं बायकोच्या नावावर उघडायचं ठरलं.

बायको म्हणाली, "माझ्या नावावर करा, पण ओट्याच्या पैशाला हात लावायचा नाही."

"छे गं! माझे वीस हजार. टाईल्स निघाल्या की बंद."

ओळख पटवण्यासाठी मोबाईलसमोर चेहरा धरून डोळ्यांची उघडझाप करायची होती. काटेकोरांनी मोबाईल धरला तेव्हा बायको ओट्यावर वाकून कांदा चिरत होती. मोबाईल म्हणाला, चेहरा चौकटीत आणा. ती सरळ झाली तर चौकटीच्या वर गेली. वाकली तर डोळ्यांतून पाणी. मोबाईल म्हणाला, डोळे उघडे ठेवा. चार वेळा प्रयत्न झाला. पाचव्या वेळी कंपनीने तिच्या रडक्या चेहऱ्यावर 'अभिनंदन' असा शिक्का मारला. पुढचं सगळं पाहता त्या मोबाईलला बरंच काही आधीच कळलं होतं असं वाटतं.

बायकोचं खातं म्हणजे बायकोचा नंबर. त्यामुळे खात्यात शिरायला लागणारा ओटीपी तिच्या मोबाईलवर यायचा. रोज सकाळी कचेरीला निघता निघता काटेकोर दारातून ओरडत, "अगं, आला का?" आणि ती ओल्या हाताने मोबाईल तिरपा धरून आकडे वाचून दाखवी. मग काटेकोर जिना उतरता उतरता लाखाचा माल घेत. तळमजल्यावर पोचेपर्यंत त्यांची चाल बदललेली असे.

पहिल्याच दिवशी पाचशे सुटले. लाखावर अर्धा टक्का. पण काटेकोरांनी घरी येऊन सांगितलं, "अडीच टक्के! एका दिवसात!" कारण त्यांनी नफा मोजला तो स्वतःच्या वीस हजारांवर. ते एक वेळ ठीक होतं. पण चौथ्या दिवशी भाव पडला, तीन हजार गेले, तेव्हा ते म्हणाले, "फक्त तीन टक्के." म्हणजे तोटा मोजला तो पूर्ण लाखावर. वीस हजारांवर तोच तोटा पंधरा टक्के होत होता. घेताना एक माप आणि देताना दुसरं ठेवणाऱ्या दुकानदारांना काटेकोरांनी आजवर किती वेळा खडसावलं असेल त्याला गणती नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात ते उगाच नाही, आणि काटेकोरांना तर कुसळ बघायचाच पगार मिळत होता.

मोजणी ठेवायची त्यांना खात्याची सवय. वह्या कशाला, टाईल्स तर निघणारच होत्या. त्यांनी कचेरीतला जाड काळा मार्कर आणला आणि ओट्यामागच्या भिंतीवर एका व्यवहाराला एक टाईल दिली. फायदा झाला की बरोबरची खूण, तोटा झाला की फुली. तपासणीत ते असंच करत: वजन टाकायचं, काटा पाहायचा, खूण करायची. दहा टाईल्स भरल्या तेव्हा आठ बरोबर होत्या आणि दोन फुल्या. काटेकोर हात मागे बांधून भिंतीसमोर उभे राहिले. "दहापैकी आठ," ते म्हणाले. "परीक्षेत ऐंशी टक्के म्हणजे विशेष श्रेणी."

"छान आहे," बायको म्हणाली. "जरा सरकता का, मला गॅस लावायचाय."

आता हा हिशेब कुणीही करून पाहावा. आठ वेळा पाचशे आले, म्हणजे चार हजार. दोन वेळा तीन-तीन हजार गेले, म्हणजे सहा. विशेष श्रेणी मिळवून काटेकोर दोन हजारांनी मागे होते. म्हणजे दर वेळी जिना उतरताना सरासरी दोनशे रस्त्यात टाकल्यासारखे, आणि कंपनीची दलाली वेगळी. पण टाईल्स सगळ्या एका आकाराच्या. पाचशेच्या खुणेला एक टाईल आणि तीन हजारांच्या फुलीलाही एकच. खात्यातली शिल्लक रोडावत होती हे खरं, पण मेणबत्तींनी सांगितलं होतं, "शिल्लक बघायची नाही साहेब, पद्धत बघायची." काटेकोर पद्धत बघत आणि पगारातून शिल्लक भरत.

तळमजल्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर राहत. जिन्यातून रोज ओटीपीचा पुकारा ऐकून ते एकदा चहाला वर आले. चहा पिता पिता त्यांनी भिंत वाचली. "या खुणा इतक्या लहान फायद्याच्या आणि फुल्या एवढ्या मोठ्या तोट्याच्या का?" त्यांनी विचारलं.

"फायदा दिसला की मी लगेच विकतो. हातचं कशाला घालवा?"

"आणि तोटा दिसला की?"

"थांबतो. पडला की चढतो."

"म्हणजे गाय दूध देते तोवर विकता आणि आटली की सांभाळता," मॅनेजर म्हणाले. "अहो, तोट्याला आधीच दोरी बांधून ठेवायची. इतका गेला की आपोआप विकला जाईल, अशी सोय असते त्यात. माझं ऐका."

काटेकोरांच्या कपाळाला आठी पडली. दोरी बांधायची म्हणजे आपण चुकणार हे आधीच लिहून द्यायचं. खात्यातल्या उभ्या नोकरीत त्यांनी असं काही लिहून दिलं नव्हतं. शिवाय मॅनेजरांच्या बँकेत तारणाचं सोनं तोलायच्या काट्याची तपासणी बाकी असल्याची नोटीस एकेकाळी त्यांनीच काढली होती, त्यामुळे हा सल्ला द्वेषातून आलेला असणार हे उघड होतं. मॅनेजर कप ठेवून उठले. दारात त्यांनी बायकोला विचारलं, "वहिनी, ओट्याचं काम कधी काढताय?" ती म्हणाली, "बघू, यांचं झालं की."

आणि मग एक पंपांची कंपनी आली. मेणबत्ती म्हणाले होते की या कंपनीची अशी मेणबत्ती लागली आहे की विझणं नाही. काटेकोरांनी माल घेतला आणि विकला नाही; दलालाकडे व्याज भरून तसाच ठेवून दिला. टाईल्सच काय, वरचा माळाही होईल असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी बाजारात जाऊन टाईल्सचे नमुनेसुद्धा पाहिले. फिकट निळा रंग त्यांना आवडला.

मग भाव पडायला लागला. काटेकोर एका डेअरीत दुधाची मापं तपासत होते तेव्हा बायकोचा फोन आला. "अहो, तुमच्या त्या दलाल कंपनीचा मेसेज आलाय. मार्जिन कमी पडतंय म्हणे. संध्याकाळपर्यंत पैसे भरा नाहीतर ते माल विकतील."

मालक डेअरीच्या काउंटरमागून बघत होता. काटेकोरांच्या हातात लिटरचं माप होतं. त्यांनी ते खाली ठेवलं आणि आवाज हळू करून म्हणाले, "तुझ्या बँकेतून थोडे वळते करतो. एक ओटीपी येईल, तो सांग."

मग तिने आकडे वाचले, नेहमीसारखे, एकेक करून.

खड्डा बुजवायला सात-आठ हजार पुरले असते. पण रक्कम टाकतानाच काटेकोरांनी विचार केला होता, भाव स्वस्त आहे, आत्ता जास्त घेतला तर आधीचा तोटा लवकर भरून निघेल. माणूस खड्ड्यात असताना कुदळ हातात मिळाली की त्याला काय सुचेल सांगता येत नाही. त्यांनी सत्तरच्या सत्तर हजार वळते केले आणि त्यावर पाचपट माल घेतला. डेअरीच्या पायरीवर उभं राहून. दुधाचं माप त्या दिवशी न तपासताच पास झालं.

पुढच्या दोन दिवसांत पंपांची कंपनी वीस टक्के खाली आली. पाचपटीत वीस टक्के म्हणजे किती, हे पाचवीतलं पोरही सांगेल: सगळे. दलाल कंपनीने काटेकोरांना न विचारता माल विकून टाकला. त्यांनी कचेरीच्या मागच्या जिन्यात जाऊन कंपनीला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"खातं आपलं आहे का सर?"

"माझ्या पत्नीचं."

"मग मला त्यांच्याशीच बोलावं लागेल सर."

"अहो, पैसे गेलेत सगळे!"

"हो सर, दिसतंय मला. पण ते फक्त मॅडमना सांगता येईल. आणखी काही मदत करू शकते का?"

काटेकोरांनी मेणबत्तींना गाठलं. मेणबत्ती मोबाईल पालथा ठेवून म्हणाले, "साहेब, मी मेणबत्ती म्हटलं. जळत राहील असं थोडंच म्हटलं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझी सासू पण बोलत नाहीये."

घरी त्यांनी काही सांगितलं नाही. गवंडी एकदा येऊन गेला. काटेकोर म्हणाले, सध्या कचेरीत तपासणीचा हंगाम आहे. भिंतीवर त्यांनी पंपांच्या कंपनीची फुली काढली नाही. ती टाईल तशीच कोरी राहिली. ओट्याशी वाकलेली बायको दिसली की ते पाण्याचा पेला न घेताच बाहेर जात. तिचा एक हात चिरत असे आणि दुसरा कंबरेवर. हे ती पहिल्यापासून करत असणार. त्यांना ते आत्ता दिसायला लागलं होतं आणि दिसणं थांबत नव्हतं.

अशातच त्यांची गाठ भंगारवाल्याशी पडली. तक्रार होती की तो रद्दी आणि लोखंड कमी भरवून घेतो. काटेकोरांनी शिक्क्याची पितळी वजनं काढली आणि काट्यावर टाकायला सुरुवात केली. एक किलो, बरोबर. दोन किलो, बरोबर. पाच, बरोबर. असं आठ वेळा टाकलं, आठही वेळा काटा नाकासमोर. मग त्यांनी वीस किलो ठेवलं. काटा अठराच दाखवत होता. चाळीस ठेवलं, तर छत्तीस.

"साहेब!" भंगारवाल्याने हात जोडले. "दहा वेळा टाकलंत, आठ वेळा बरोबर आला. ऐंशी टक्के! दोनदा चुकला तर काय फाशी देता का?"

काटेकोरांचा आवाज चढला. हे भाषण त्यांना पाठ होतं. "किती वेळा बरोबर आला ते कोण विचारतंय? बरोबर आला तेव्हा गिऱ्हाइकाचं होतं काय त्यात? एक किलो, दोन किलो! आणि चुकला तेव्हा गेलं किती ते बघ. आठ वेळा चिल्लर खरी तोलतोस आणि दोन चुकांत सहा किलो खाऊन टाकतोस. वर तोंड करून ऐंशी टक्के म्हणतोस? अरे, मोजायचं असतं ते किती वेळा नाही, किती..."

इथे ते थांबले. हात वर तसाच राहिला. भंगारवाला भाषणाच्या पुढच्या भागाची वाट पाहत होता. तो भाग आलाच नाही. काटेकोर हळूहळू मागे सरकले आणि रद्दीच्या गठ्ठ्यावर बसले. ओट्यामागची भिंत त्यांना इथे, या भंगाराच्या ढिगात स्वच्छ दिसत होती. एका मापाच्या सगळ्या टाईल्स. आठ खुणा, दोन फुल्या आणि एक कोरी.

भंगारवाला घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन धावला. "साहेब, दंड पूर्ण घ्या. पण असं करू नका."

काटेकोरांनी पाणी प्यायलं. दंडाची पावती फाडली. "काटा दुरुस्त करून घे," ते म्हणाले. "आणि लहान वजनांवर भरवसा ठेवू नकोस." भंगारवाल्याला यातलं काही कळलं नाही, पण त्याने मान डोलावली.

घरी आल्यावर ते थेट स्वयंपाकघरात गेले. मार्कर घेतला आणि कोऱ्या टाईलवर फुली काढली. मग त्यांना ते पुरेसं वाटेना. त्यांनी फुलीच्या रेघा पुढे ओढल्या, शेजारच्या टाईलवर, तिच्या शेजारच्या टाईलवर, वर, खाली, बरोबरच्या खुणांवरून. गेलेल्या पैशाच्या मापाची फुली काढायची तर ती कपाटाच्या वर आणि ओट्याच्या खाली जात होती. भिंत पुरली नाही. गवंड्याची पेन्सिलची रेघ मात्र त्यांनी सांभाळली, तिच्यावरून मार्कर जाऊ दिला नाही.

बायको दारात उभी होती.

"सगळे गेले," काटेकोर भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. "तुझे सगळे."

"माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"खातं माझं आहे ना? मेसेज मलाच येतात."

काटेकोर वळले. "मग त्या दिवशी... तो ओटीपी... त्यात रक्कम लिहिलेली असते."

"असते ना. सत्तर हजार, ओट्याच्या खात्यातून. वाचलं मी."

"मग आकडे सांगितलेस कशाला?"

"तुम्ही मागितलेत म्हणून. म्हटलं, उभा जन्म दुसऱ्यांची मापं तपासणारा माणूस आहे. मागतोय, तर मोजूनच मागत असेल."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. काटेकोरांना ओरडण्याला उत्तर देता येत असे, बाजारात ती सवय होती. ते ओट्याशी टेकून उभे राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की त्यांच्या उंचीलासुद्धा हा ओटा कमी पडतोय. पुढे गवंडी आला तेव्हा तिनेच त्याला चहा दिला आणि सांगितलं, "काम राहू द्या आता. पुढं बघू." तो भिंतीवरच्या काळ्या खुणांकडे पाहून म्हणाला, "हे मार्करचं निघायचं नाही हं बाई." ती म्हणाली, "असू द्या. टाईल्स कुठे बदलायच्यात आता?"

त्यानंतर काही आठवड्यांनी बायकोच्या नावाने एक खोकं आलं. दलाल कंपनीकडून. सोबत चकचकीत कार्ड होतं: आमच्या सर्वांत सक्रिय ग्राहकांपैकी एक असल्याबद्दल मनःपूर्वक अभिनंदन. खोक्यात स्वयंपाकघरात ठेवायचा वजनकाटा होता.

काटेकोरांच्या अंगाचा तिळपापड झाला. नाही नाही ते त्यांच्या मनात येऊन गेलं. त्यांनी पिशवीतून शिक्क्याची पितळी वजनं काढली आणि काटा ओट्यावर ठेवून तपासायला बसले. आत कुठेतरी खोट असणारच. कंपनीला नोटीस काढता येईल, दंड करता येईल, निदान एक कागद तरी तिच्या तोंडावर मारता येईल. शंभर ग्रॅम टाकलं, पाचशे टाकलं, किलो टाकलं, दोन किलो टाकलं. लहान वजनाला बरोबर, मोठ्या वजनाला बरोबर. दहापैकी दहा. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून टाकून पाहिलं. काटा नुसता बरोबर होता. वजनं पिशवीत भरताना त्यांचे डोळे भरून आले, आणि या वेळी आसपास कांदा नव्हता.

बायकोने काटा उचलला, उलटासुलटा करून पाहिला, परत खोक्यात घातला. खोकं ओट्यावर आडवं ठेवलं, त्यावर चिरायचा पाट ठेवला, आणि कांदा घेऊन उभी राहिली. दोनतीन वेळा सुरी फिरवून पाहिली. कंबरेवरचा हात तिने काढला.

"बरं पडतंय हो," ती म्हणाली.

काटेकोर जवळ आले. सवयीने त्यांनी पाटापासून पेन्सिलच्या रेघेपर्यंत बोटं लावून मोजलं. "दोन बोटं वाढला," ते म्हणाले. मग म्हणाले, "दोनच राहिली."

तिने चिरणं थांबवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "तुमच्या पाया पडते, पण त्या दोन बोटांसाठी आता तुम्ही काहीही करू नका."